मणगण्यातला हिरा

धारगळच्या दत्ताराम परबाने आयुष्यभर मरणाची तालीम केली होती. तरुणपणी तो दशावतारात राणीचं सोंग घ्यायचा, आणि त्याची राणी नाटकाच्या शेवटी अंगठीतला हिरा गिळून मरायची. असा तडफडायचा, की अख्ख्या पेडण्यातल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आता तो हायवेच्या कडेला शहाळी विकत होता आणि त्याचे गुडघे कुरकुरत होते. पण हिरा पोटात गेला की माणूस आटोपलाच, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्याच्या मुलीचं, सेजलचं, लग्न ठरलं ते नेमकं हिरे आडनावाच्या घरात. स्वप्नील हिरे डिचोलीतल्या सुर्ल्याचा, खनिजाचे ट्रक दुरुस्त करणारा. त्याचे आजोबा नाशिककडून खाणीवर आले आणि इथेच राहिले. मुलगा साधा होता. त्याची आई सुशीलाबाई मात्र आपलं आडनाव असं उच्चारायची, जणू जगातले सगळे हिरे तिच्याच परसात पिकतात.

साखरपुड्याला तिने मखमली डबीतून अंगठी काढली. "हा आमच्या घराण्याचा हिरा. सासूबाईंनी जाताना माझ्या हातात ठेवला. मी एकदाही बोटात घातला नाही, जपला. सेजल, आजपासून तू हिरे."

"लग्न व्हायचंय अजून," सेजल म्हणाली. तिच्या आईने, वत्सलाने, तिला मागून चिमटा काढला.

अंगठी सेजलच्या बोटात गेली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. सेजलने आपल्या हाताने वडिलांना मणगण्याची वाटी दिली. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. दत्तारामाने वाटी तोंडाला लावली आणि घटाघटा संपवली. शेवटच्या घोटाला घशात काहीतरी टोचलं.

"साबुदाणा कच्चो रवलो काय गे?" त्याने विचारलं.

तेवढ्यात सेजलचं लक्ष अंगठीकडे गेलं. कोंदण रिकामं होतं. ती वाटीकडे बघत राहिली, मग बापाकडे.

दत्तारामाला कळलं. त्याने पोटावर हात ठेवला, डोळे फिरवले आणि तो सतरंजीवर आडवा झाला. "वत्सला, मी चल्लंय गे! पोरीक सांभाळ!" मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने जुन्या सवयीने टाळ्या वाजवल्या.

"मरू नका हो, व्याही!" सुशीलाबाई धावली. "आणि मेलात तर जाळायची घाई करू नका. आमचा हिरा आहे आत!"

स्वप्नीलने सगळ्यांना गाडीत घातलं आणि म्हापशाला नेलं. वाटेत दत्ताराम निरवानिरवीचं बोलत होता आणि मध्येच राणीची वाक्यं म्हणत होता. दोन्हींत फारसा फरक नव्हता.

दवाखान्यात हर्षा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने एक्स-रे काढून पडद्यावर लावला. पोटात एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता.

"बघा!" सुशीलाबाईचा ऊर भरून आला. "कसा झळकतोय! घराण्याचा आहे."

डॉक्टरीण पडद्याकडे वळली. "बाई, खरा हिरा एक्स-रेत असा दिसत नाही. तो कार्बन. जवळजवळ आरपारच. हे एवढं ठळक दिसतंय म्हणजे काचबिच असणार."



"म्हणजे मी मरचंय नाय?" दत्तारामाने उठून बसत विचारलं.

"खरा असता तरी मेला नसता. केळी खा, येईल बाहेर."

दत्तारामाचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची त्याची मरणं एका वाक्यात खोटी ठरली होती.

वत्सला मात्र सुशीलाबाईकडे बघत होती. आता ही रडणार, भांडणार, लग्न मोडणार असं तिला वाटलं. सुशीलाबाई बाकावर बसली आणि हळूहळू लाल झाली. "काच," ती म्हणाली. "काचेसाठी मी त्या म्हातारीचे पाय दाबले! माशाची शेपटी मला, मधले तुकडे तिला. जरा हूं की चूं केलं की डबी दाखवायची. म्हणायची, हिऱ्यांची सून हो आधी!"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. नर्स पाणी घेऊन आली. स्वप्नील गोंधळला. "आई, बरी आहेस ना?"

"कधी नव्हे ती बरी आहे."

सेजलने संधी साधली. "मग लग्नानंतर मी परबच राहिले तर चालेल?"

"राहा की. मलापण विचारलं असतं तर मीसुद्धा माहेरचंच ठेवलं असतं."

सुर्ल्याला परतल्यावर सुशीलाबाईने आपल्या सासूचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यातून काढला आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या वर टांगला. "हवं तर आता तिथून नजर ठेवा," असंही बजावलं.

दोन दिवसांनी धारगळला तिचा फोन आला. "आलं का हो बाहेर?"

"आलं," वत्सला म्हणाली. "धुऊन पाठवू?"

"नको गं बाई! टाकून दे."

दत्ताराम आतून ओरडला, "टाकू नको गे! माझे कष्ट आसत त्यात!" पण वत्सलाने तोपर्यंत बादलीभर पाणी ओतलं होतं. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. संध्याकाळी स्वप्नील आणि सेजल लग्नाची तारीख काढायला भटजींकडे गेले, आणि व्याहीण पहिल्यांदाच डबीबिबी न घेता, पिशवीभर सुके बांगडे घेऊन दारात उभी राहिली.