लखमाच्या भिंतीवरचा उंदीर

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा की तुमच्यासमोर गेरूनं सारवलेली एक लाल भिंत आहे आणि चित्र काढायला रंगही आहे. पण तो रंग म्हणजे शाई नव्हे की चुना नव्हे, तर तांदळाचं पांढरंशुभ्र पीठ, पाण्यात कालवलेलं. आता अशी कल्पना करा की तुम्ही चार वर्षांचे आहात आणि सकाळपासून तुमच्या पोटात काहीही गेलेलं नाही. खरं सांगा, तुम्ही चित्र काढाल की रंग पिऊन टाकाल? उत्तर मनातच ठेवा आणि डोळे उघडा.

मी एक जुनी करवंटी आहे. हसू नका. माणसं आमचं नाव एकाच वेळी काढतात. कुणाचं दिवाळं वाजलं की म्हणतात, 'आली हातात करवंटी!' जणू आम्हाला दुसरा उद्योगच नाही. म्हणून माझ्या उद्योगाची हकिकत मीच सांगते.

मी शहापूरच्या बाजारातून आले. ठकूच्या लग्नात देवापुढे मला फोडलं, पाहुण्यांनी खोबरं खाल्लं आणि आम्ही दोघी बहिणी उघड्या पडलो. तीन डोळ्यांच्या बहिणीला दांडा बसवून डाव केला. मला डोळे नव्हते, म्हणून मी कोपऱ्यात. पण ठकूनं मला उचललं, दगडावर घासघासून आतून गुळगुळीत केलं आणि माझ्यात पीठ कालवलं. बांबूची एक काडी चावून चावून तिनं टोकाचा कुंचला केला. त्या दिवसापासून मी रंगाची वाटी झाले.

आमचा पाडा सिद्धगडाच्या पायथ्याशी. लग्नघरी भिंतीवर चौक काढल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नसे. चौकोनी चौकट, तिच्या आत देवी, बाहेर झाडं, घोडे, नाचणारी माणसं. ठकूला हे काम जिवापाड आवडायचं. पण तिला दोन मुलं होती. तानी चार वर्षांची आणि पोश्या झोळीतला. नवरा विटांच्या भट्टीवर गेलेला. मग चित्र काढायचं कसं? ठकूनं युक्ती काढली. झोळीची दोरी ती पायाच्या अंगठ्याला बांधायची. हात भिंतीवर, पाय दोरीत. पाय हलला की हातही थोडा हलायचा आणि झाडं एका बाजूला कलायची.

लोक म्हणायचे, "ठकूच्या झाडांना वारा लागतो हो!"

तो वारा नव्हता, पोश्या होता. पण मी कुणाला सांगितलं नाही.

सन १९४४ मध्ये, महायुद्धाच्या दिवसांत, पाड्यातल्या लखमाच्या मुलीचं, राहीचं, लग्न ठरलं. चौकासाठी लखमानं पहिल्यांदाच ठकूला बोलावलं. आजवर पाड्यातले सगळे चौक धोंडीबाई काढत असे. आता तिची नजर अधू झाली होती. जीभ मात्र शाबूत होती.

"ठकू गो, तू चौक लिवायचीस का पोरं निजवायचीस?"

"दोन्ही करीन, आजे. हात येगळा, पाय येगळा."

"बघू. उन्हं कलली की टोकावड्यावरनं वऱ्हाड येल. तवर चौक पुरा नाय झाला, तर पुढल्या लग्नाला तुला हाक नाय. आताच सांगते."

ठकूनं घाबरतच मान हलवली आणि मला घेऊन ती लगेच भिंतीकडे वळली.

पीठ होतं फक्त मूठभर तांदळाचं. सरकारची लेव्ही म्हणजे सक्तीची धान्यवसुली. वसुलीचे लोक लखमाची धान्याची कणगी झाडून गेले होते. चौकाचे तांदूळ नवरीच्या घरचेच लागतात, ही आमची रीत. म्हणून लखमाच्या बायकोनं ती मूठ उतरंडीच्या तळाला लपवून ठेवली होती.

चौकटीच्या दोन बाजू छान झाल्या. मग पोश्या रडला. ठकूनं मला जमिनीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून ती त्याला पाजायला बसली.

तानी माझ्याजवळ आली. आधी तिनं एक बोट बुडवलं. मग दोन. मग मला दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं. मला ओरडायचं होतं. पण मित्रांनो, करवंटीला तोंड असतं, जीभ नसते. चार घोटांत मी रिकामी झाले.

नेमकी त्याच वेळी धोंडीबाई आली. तिच्यामागे लखमाही आला.

"पीठ कुठाय गो?"

लखमा गडबडला. "कुत्रं आलं असंल."

"कुत्र्याला पांढऱ्या मिशा फुटत नाय," धोंडीबाई म्हणाली आणि तिनं तानीकडे बोट दाखवलं.

ठकूचा हात वर गेला. तानीनं मान खाली घातली नाही. आईकडे बघून ती गंभीरपणे म्हणाली, "आये, मीठ घालाया इसरलीस तू."

वर गेलेला हात तिथंच राहिला. राही आतून फिसकन हसली. पण ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन बाजू कोऱ्या होत्या आणि सूर्य डोक्यावरून सरकला होता.

"चुना लावून भागवू काय?" लखमानं विचारलं.

"चुना पानाला लावत्यात, देवीला नाय," धोंडीबाई म्हणाली. "तुझ्या घरचा तांदूळ आण."

"आता दाणा नाय, आजे. वऱ्हाडाला नागलीची भाकरच वाढायची हाय."

तेवढ्यात तानीनं मिशी पुसली. "मामाकडं हाय भात," ती म्हणाली.

"कोण गो मामा?"

"उंदीरमामा!"

ठकू लखमाच्या शेतात राबायची तेव्हा तानी बांधावर खेळायची. उंदीर कणसं तोडून कुठल्या बिळात नेतो, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं आईचा पदर धरला आणि ती निघाली. मी तिच्या दुसऱ्या हातात होते. ती मला सोडायलाच तयार नव्हती.

लखमाच्या शेताच्या बांधाला ते बीळ होतं. ठकूनं खुरप्यानं माती उकरली. कोपरापर्यंत हात गेला आणि बाहेर आला तो भाताची कणसं घेऊनच! एकावर एक, नीट रचून ठेवलेली. सरकारनं साऱ्या पाड्याकडून लेव्ही घेतली होती, फक्त उंदराकडून घ्यायची राहिली होती. दाणे झाडून ठकूनं मला काठोकाठ भरलं.

घरी परतल्यावर धोंडीबाईनं मात्र नाक मुरडलं. "उंदराचं उष्टं देवीला?"

ठकू आता घाबरली नाही. "आजे, शेत कुणाचं?"

"लखमाचं."

"भात कुणी लावला?"

"लखमानं."

"मग भात नवरीच्या घरचाच झाला. कणगी तेवढी उंदराची."

धोंडीबाईनं लखमाकडे बघितलं. लखमानं आभाळाकडे बघितलं. शेवटी म्हातारी पाट्याजवळ जाऊन बसली. "बघत काय बसल्यात? कांडा लौकर! वाटाया मी हाय."

भात कांडला गेला, तांदूळ भिजला, वाटला गेला आणि मी पुन्हा पांढरी झाले. पण पोश्या झोळीत कुरकुरायला लागला. ठकूनं दोरीचं टोक हातात घेतलं आणि हळूच म्हणाली, "आजे, पाय द्या तुमचा."

पाड्यातल्या सर्वांत मोठ्या चौकवालीच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधली गेली! ती पुटपुटत होती आणि झोका देत होती. म्हणूनच त्या चौकाच्या दोन बाजूंची झाडं वाऱ्यात कललेली होती आणि उरलेल्या दोन बाजूंची सरळ, ताठ. लखमा पाहुण्यांना पुढे कैक दिवस सांगत असे की वारा अर्ध्यातच पडला.

चौकाच्या खालच्या कोपऱ्यात ठकूनं एक उंदीर काढला. तोंडात कणीस, शेपूट मागे वळलेलं. ओलं पीठ लाल भिंतीवर नीट दिसत नाही, वाळलं की पांढरं उमटतं. तिकडे वाटेवर ढोल ऐकू आले आणि इकडे रेघा एकेक करून उजळत गेल्या. शेवटी उंदीर उजळला.

धोंडीबाई भिंतीच्या अगदी जवळ गेली. तिनं चारही बाजू बोटभर अंतरावरून तपासल्या. आम्ही सगळे श्वास रोखून होतो, मीसुद्धा.

"पुढल्या लग्नाला हिलाच बोलवा," ती म्हणाली. "पर पीठ हातात द्यायच्या आधी हिच्या पोरांना खायाला घाला. मी पाच पोरांची आई. माझ्या पोरांना कुणी नाय घातलं."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. अंगठ्याची दोरी सोडायचं मात्र ती विसरली होती. ती वळली आणि पोश्या झोळीसकट पुढे आला.

त्यानंतर ठकूनं किती चौक काढले, त्याची गणती माझ्याकडे नाही. आधी मुलांचं जेवण, मग पीठ, ही पाड्याची रीतच झाली. आज माझा काठ तडकला आहे आणि कोंबड्या माझ्यात पाणी पितात. माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच सांगते. घरात कुणी चित्र काढत असेल, टोपली विणत असेल, बाहुली शिवत असेल, तर तिच्या हाताचं कौतुक कराच. पण तिच्या पायाला कसली दोरी बांधली आहे, तेही बघा. जमलं तर ती थोडा वेळ आपल्या पायाला बांधून घ्या.

आणि तानी? त्या दिवशी चौक पुरा झाल्यावर राहीनं मला विसळून माझ्यात नागलीची पेज ओतली आणि ती तानीला दिली. या वेळी मीठ होतं. तानीनं अर्धी पेज एका दमात संपवली. मग थांबून तिनं माझ्यात वाकून बघितलं आणि मला सांभाळून उचलून ती चालत बांधावर गेली. उकरलेल्या बिळाच्या तोंडाशी तिनं मला ठेवलं.

"मामा, जेवाया ये रे," तिनं आत तोंड घालून हाक मारली.

मामा आला नाही. तानीनं पेजेकडे बघितलं. एकदा, दोनदा. मग तिनं मला आपल्यापासून दोन हात लांब सारलं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून ती वाट बघत बसली.