रविवारची बोट

कारकूनकाका गाडी शिकायला आले तेव्हा कुणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "वय अडुसष्ट. आणि डावा डोळा अर्धाच."

मॅडम हसली. मॅडम म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची मॅडम. एकोणीस वर्षांत तिनं अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती, त्यामुळे बँकेत जा, दवाखान्यात जा, कुणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारणारच. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. शिकणारा घाबरला की ती तो दाबायची, आणि फार धीट झाला की आणखी जोरात दाबायची.

अकराव्या धड्याला तिनं मन घट्ट केलं. "काका, खरं सांगू का?"

"नका सांगू. मलाही कळतंय." काकांनी बंदराच्या रस्त्याला गाडी बऱ्यापैकी तिरकी उभी केली. "गाडी काही मला जमायची नाही. पण आलोच आहोत तर चला, एक वस्तू दाखवतो."

ती वस्तू एका पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. सात मीटरची बोट, पुढे दोन खिडक्यांची केबिन, मागे सहा माणसं बसतील एवढी जागा. काकांची सगळी नोकरी बंदराच्या ऑफिसात कारकुनी करण्यात गेली होती आणि तीस वर्षांचे रविवार या बोटीत, गळ टाकून.

"आता मला धक्काच नीट दिसत नाही," काका म्हणाले. "मुलगा म्हणतो, भंगारात द्या. तुम्ही घेता? भंगारवाला देतो तेवढंच द्या."

"मी? अहो, मला पोहता येतं. पाण्याशी माझा तेवढाच संबंध."

"शिकवता येतं ना? मग शिकायलाही येईल."

रात्री जेवताना तिनं हे घरी सांगितलं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. कुठलीही गोष्ट दोनदा वाचल्याशिवाय त्याला खरी वाटत नसे. तो "बोट?" म्हणाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "बोट?"

खरी कल्पना निघाली ती वन्संच्या डोक्यातून. वन्सं म्हणजे तिची नणंद, खालच्या मजल्यावर एकटी राहणारी. ही जुनी हाक मॅडमनं लग्नानंतर चेष्टेनं मारली होती, ती कायमची चिकटली. वन्सं वीस वर्षं मासळी बाजारात कापण्याच्या ओट्यावर उभ्या होत्या. अर्ध्या मिनिटात मासा साफ, आणि तोंडाचा पट्टा त्याहून वेगात.

"नुसती फिरवायला घेणारेस का बोट?" वन्सं म्हणाल्या. "लोकांना मासे धरायला ने, वहिनी. शनिवारी माझ्या ओट्यावर बडी बडी मंडळी येतात. मोठ्ठा मासा विकत घेतात आणि घरी जाऊन सांगतात, मीच धरला. एकदा खरोखर धरू देत की बिचाऱ्यांना!"

"आणि मासा गळाला लागला की ओळखायचा कुणी?"

"मी कशाला आहे? रविवारी माझा ओटा बंदच असतो."

ठरलं. सोमवार ते शनिवार ड्रायव्हिंग स्कूल, रविवारी बोट. नोकरी सोडायची नाही, उसनवारी करायची नाही, आणि परवाना हातात पडल्याशिवाय एकही गिऱ्हाईक बोटीत घ्यायचं नाही, हे मॅडमनं त्याच रात्री सांगून टाकलं.

परवान्यानं मात्र तिला नाकी नऊ आणले. समुद्रात बोट सरळ नेणं तिला आठवड्याभरात जमलं. जमेना ते धक्क्याला लावणं. धक्का जवळ आला की तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत दाबला जायचा. खाली नुसतं लाकूड. बोट आपल्या चालीनं पुढेच जायची आणि वन्सं धक्क्यावर जुने टायर घेऊन धावायच्या.

"पाय उचला!" काका ओरडायचे. त्यांना दिसायचं कमी, पण इंजिनाच्या आवाजावरून सगळं कळायचं. "बोटीला ब्रेक नसतो, मॅडम. वाऱ्याकडे तोंड करून या. न्यूट्रल लवकर टाका. वारा तुम्हाला थांबवेल, मग शेवटी जरासा रिव्हर्स."

परीक्षेच्या दिवशी वारा आडवा होता. तिनं धक्क्याचा एक खांब असा ठोकला की परीक्षकाच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला. त्यानं कागदावर फुली मारली आणि वर ऐकवलं, "शहरात गाडी तुम्हीच शिकवता ना?"

आजवर शेकडो रडवेल्या चेहऱ्यांची तिनं समजूत घातली होती. स्वतःच्या चेहऱ्याचं काय करायचं ते तिला कळेना. घरी येऊन तिनं भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती शेडपाशी हजर होती. पहिला धडा साडेसातला असायचा. मधले दोन तास ती धक्क्याला येत राहिली. चुकलं की वळून पुन्हा. धक्क्यावर जाळी विणणारे दोन म्हातारे आधी खो खो हसायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा हसण्यातला रस गेला. सहाव्या आठवड्यात त्यातल्या एकानं तिची दोरी झेलून खुंटीला अडकवली. त्यानंतर महिन्याभरानं ती परीक्षा पास झाली. तोच परीक्षक होता. या वेळी चहा त्यानं आधीच संपवला होता.

पहिल्या रविवारी तीन गिऱ्हाईकं आली. हार्डवेअरचा दुकानदार, त्याचा मेव्हणा आणि एकटीच आलेली शाळेतली एक बाई. दुकानदार मॅडमकडेच गाडी शिकलेला. "बाजारात ओळख केवढी आहे माझी! मासा मिळाला की अख्ख्या बाजाराला सांगतो," असं तो निघायच्या आधीच म्हणाला.

काकांनी सांगितलेल्या जागी, तीन खडकांच्या पलीकडे, मॅडमनं नांगर टाकला. तासभर काही नाही. मेव्हणा पेंगायला लागला. मग दुकानदाराची काठी एकदम वाकली. दहा मिनिटं तो घामाघूम होऊन झुंजला आणि हातभर लांब तांबूस मासा उसळत बोटीत येऊन पडला.

"वन्सं, गळ काढा!" मॅडम म्हणाली.

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्या उलट एक पाऊल मागे सरल्या. मॅडमच्या तेव्हा लक्षात आलं, या बाईनं हजारो मासे कापले असतील, पण पाण्यातून जिवंत वर आलेला मासा आज पहिल्यांदा बघतेय.

"वहिनी," वन्सं हळूच म्हणाल्या, "हा बघतोय गं."

गळ शाळेच्या बाईंनीच कसाबसा काढला. दुकानदाराचं लक्ष फोटोकडे होतं. मासा हातात धरून एक, छातीशी धरून एक. मग म्हणे उन्हाकडे तोंड करून. मग मेव्हण्याचं बोट आडवं आलं म्हणून पुन्हा. मासा निसटून फळीवर आपटत होता, तोंड उघडत होता, मिटत होता.

"खाली ठेव त्याला, व्हिडिओ काढू. तडफडताना मस्त येतो," दुकानदार म्हणाला.

वन्सं पुढे झाल्या. त्यांचा आवाज ओट्यावरचा नव्हता, अगदी सपाट होता. "एक तर पाण्यात सोडा, नाहीतर माझ्या हातात द्या. असा मध्ये ठेवायचा नाही."

"अहो बाई, पैसे मी मोजलेत. मासा माझा." दुकानदारानं केबिनकडे पाहिलं. "मॅडम, सांगा यांना."

मॅडमचा पाय आपोआप खाली दाबला गेला. खाली काही नव्हतं. पहिलाच रविवार, आणि बाजारात या माणसाच्या एका शब्दावर पुढचे रविवार अवलंबून. दोन गोड शब्द बोलून विषय मिटवता आला असता; गाडीत ती रोज तेच करायची. पण वन्संची नजर माशावरून हलत नव्हती, आणि ती नजर मॅडमनं आजवर कधी पाहिली नव्हती.

"त्या म्हणतात तसंच," मॅडम म्हणाली. "बोटीवरचा नियम आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

दुकानदाराचा चेहरा लाल झाला. "घ्या मग," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. वन्संनी मासा उचलला, सुरी एकदाच चालवली, आणि सगळं शांत झालं. त्यांनी तो नीट बर्फात ठेवला आणि हात धुतले. नंतर शाळेच्या बाईंना एक लहान मासा लागला, तेव्हा वन्संनीच हात ओले करून तो गळावरून सोडवला, पाण्यात धरून ठेवला आणि त्यानं शेपूट मारेपर्यंत सोडला नाही.

परतताना वारा आडवाच होता. मॅडमची पहिली खेप चुकली. दुकानदार मुद्दाम हसला. तिनं बोट वळवली, मोठी फेरी घेतली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि दुसऱ्या खेपेला हलकेच टेकवली. दुकानदार मासा घेऊन उतरला. मागं वळून पाहिलं नाही.

बाजारात त्यानं सांगितलंच, तिथं नियमच फार. पुढचे तीन रविवार कुणी फिरकलं नाही.

"माझं चुकलं का गं?" वन्संनी विचारलं.

"चुकलं असतं तर मी सांगितलं असतं. डिझेल भरा."

गिऱ्हाईक नसलं तरी त्या निघायच्या, काकांना घेऊन. काका डोळे मिटून बसायचे आणि आठवणीतल्या जागा सांगायचे. मॅडम नकाशावर त्यांच्या खुणा करायची. चौथ्या रविवारी शाळेच्या बाई आपल्या दोन सहकारी शिक्षिकांना घेऊन आल्या. त्यांच्यामागून कुणाची बहीण आली, कुणाचे सासरे. वन्संनी केबिनच्या दारावर रंगानं नियम लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या नवऱ्यानं घरून ब्रश आणून दुरुस्त केल्या. दिवाणखान्यातल्या कॅलेंडरावर रविवार भरायला लागले. वारा जास्त असला की मॅडम स्वतः फोन करून रविवार रद्द करायची, कुणी कितीही गळ घातली तरी. पुढं पुढं दुकानदाराचा मेव्हणाही आला, एकटाच, आणि "त्यांना सांगू नका," म्हणाला.

हंगाम संपत आला तेव्हा नवरा म्हणाला, "मीही एकदा येऊन बघतो."

धक्का सुटून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच त्याला मळमळायला लागलं. दोन तासांत तो चार वेळा कठड्यावर वाकला. चेहरा पांढराफटक.

"परत फिरू का?" मॅडमनं विचारलं.

त्यानं तोंड पुसलं, काठी हातात घट्ट धरली आणि मान हलवली. "नको. काहीतरी ओढतंय."

वन्सं हात ओले करून त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.