काळ्या मोहरीचा नकाशा

आमचे हे तीन वर्षं वनस्पती-खात्यात हंगामी नोकरीवर आहेत. त्याच खात्यात मी नकाशे काढते, आणि मी कायम आहे. घरात हा विषय निघाला की हे मान खाली घालून जेवतात, म्हणून दोघांच्या वाटचं मीच बोलते. गेल्या आठवड्यात साहेबांनी ह्यांना बजावलं, "काळी मोहरी शहरात आपोआप कुठे कुठे उगवते, ते नकाशावर दाखवा. पटलं तर नोकरी कायम, नाही तर नमस्कार."

ह्यांनी वर्षभराच्या नोंदी माझ्यापुढे आणून टाकल्या. मी प्रत्येक रोपाला एक पिवळा ठिपका देत गेले. काळी मोहरी म्हणजे नदीकाठ, पडीक जमीन, रस्त्याची कड. इथे नदीकाठ पार कोराच! ठिपके निघाले ते आमच्या दारातून. न्हाव्याच्या दुकानावरून बेकरी, तिथून बागेतल्या एका बाकाभोवती ही गर्दी, आणि पुढे थेट माझ्या भावाच्या अंगणात, जिथे दुपारभर कॅरम चालतो.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस नमुन्याचं बी पँटच्या खिशात घेऊन हिंडतो आणि त्या खिशाला भोक आहे! ते शिवून दे म्हणत होते वर्षभर. मी म्हटलं होतं, तुमचे हात मोडलेत का?

"अहो, हा मोहरीचा नकाशा नाही, तुमचा आहे!"

"अगं हळू! रोपं तर खरी आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नकाशा घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी तो भिंतीला लावला आणि चष्मा पुसला. "आपल्या आवारात एवढी पडीक जागा, आणि एकही रोप नाही? ते का?"

 ह्यांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर मूठभर मोहरी साहेबांच्या टेबलावर! साहेबांनी दाणे पाहिले, नकाशा पाहिला, मग ह्यांना पाहिलं.

"बाहेरची पाहणी म्हणून सही करून तुम्ही त्या बाकावर असायचात?"

गेली नोकरी! माझं तोंड सुटलं. "साहेब, आळशी आहेत, कबूल. पण ह्या खात्यात आजवर कुणी फरशीच्या फटीत छातीएवढी मोहरी वाढवून दाखवलीय?"

 साहेबांनी कागद ओढून हुकूम लिहिला: नोकरी कायम. काम, स्वतः सांडलेली सगळी मोहरी उपटणे, शेवटचं रोप निघेपर्यंत.

"दोन महिन्यांत संपवतो!" हे खुशीत म्हणाले.

"ते बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं," साहेब म्हणाले. "तुम्ही उपटा, ते उगवेल. निवृत्तीपर्यंत पुरेल."

ह्यांचा चेहरा पडला. मला तर बाहेर येताच रडूच फुटलं, इतका आनंद झाला.

"तू कशाला रडतेस?" हे म्हणाले. "उपटायचंय मला."