वनमालाचा पाडवा

"ताट करून ठेवलं ना? मंग तुले माहीतच होतं मी येणार," असं म्हणत नरहरी खुर्चीत बसलासुद्धा. चपलाही न काढता.

वनमाला ताटाकडे पाहतच राहिली. मेले हात! सकाळी उठून, तिला न विचारता, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन सगळं मांडून मोकळे झाले होते. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायची त्यांना इतकी सवय, की नवरा सोडून ती चैत्रापासून ब्राह्मणपाऱ्यात शेवंताकाकूंकडे भाड्याने राहते आहे, हे हातांना कुणी कळवलंच नव्हतं.

नरहरी मारझोड करणारा नव्हे. त्याचं हत्यार रुसवा. आणि रुसवा तरी केवढा! बीरगांवच्या त्यांच्या दोन खोल्यांत मावायचा नाही, अंगणात यायचा, तिथून गल्लीत. शेजारची कुत्रीसुद्धा मग हळू भुंकायची. दिवाळीत पहिली चकली तो कानाशी धरून मोडायचा. आवाज पसंत पडला नाही की डबा सरकवायचा आणि भाऊबीजेपर्यंत जेवायचा नाही. वनमालाने माफी मागायची. कशाची, तेही तिनेच शोधून काढायचं.

यंदा तिच्या चकल्या चक्क मऊ पडल्या. काकूंनी त्या चहात बुडवून खाल्ल्या. "बरं केलं वं, मले दात कुठं आहेत? आमच्या आत्याची चकली एकदा गच्चीवरून पडली, तर खालची म्हैस बेशुद्ध! दोन दिवस दूध नाही दिलं."

वनमाला हसली, हसता हसता तिला रडू आलं. दिवाळीत आपण मोठ्याने हसलो आणि घरात कुणी गप्प झालं नाही, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिने उठून देवापुढे एक जास्तीचा दिवा लावला. मागितलं काहीच नाही.

"चल, ओवाळ अन् बॅग भर," आता नरहरी म्हणत होता. "मी मनात काही ठेवून नाही राहिलो. मोठ्या मनानं आलो."

वनमालाची समता कॉलोनीतल्या दवाखान्यातली नोकरी, आतून कडी लागणारी ही खोली, सगळं त्याने एका वाक्यात गुंडाळून बॅगेत टाकलं होतं. सणाचा दिवस, माणूस दारी आलेला. इतकं आयुष्य गेलं, उरलेलंही जाईल, असं तिला वाटलं. तिने निरांजन लावलं आणि ताट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

नरहरीने खिशातून मोबाइल काढला, एक बोट वर केलं. "एक मिनिट."

हे मिनिट तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. दर पाडव्याला यायचं. पूर्वी तो पेपरात डोकं घालायचा, आता मोबाइलमध्ये, एवढाच फरक. ती ताट धरून उभी आणि तो मिनिट ताणत बसलेला. एका वर्षी तर इतकं ताणलं, की वात विझली. तेव्हा मान वर करून म्हणाला होता, "पाह्य, अपशकुन केला."

वात बारीक होऊ लागली.

तेवढ्यात गल्लीतून काकूंची हाक आली. "वनमाला, अवं गाय आली! ये लवकर!"

गोवर्धनपूजेची गाय घेऊन राऊत, म्हणजे इथला गुराखी, घरोघर फिरत होता. गाईची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडू. आज तिला खिचडी खाऊ घालायची आणि एकमेकांच्या कपाळी शेणाचा टिळा लावायचा, ही छत्तीसगडची रीत.

वनमाला निघाली. ताटासकट.

"ए! मी बसून राहिलो ना इथं!"

"हो, बसा," ती म्हणाली. "एक मिनिट."

बाहेर तिने गाईला ओवाळलं. गाय गुणाची. तिच्यापाशी मोबाइल नव्हता. मान खाली घालून नीट ओवाळून घेतलं आणि ताटातल्या अक्षताही चाटून टाकल्या. राऊताच्या बायकोने शेणाचं बोट वनमालाच्या कपाळी टेकवलं, जरा मागे होऊन पाहिलं आणि म्हणाली, "हव दीदी, अब बने दिखत हस!" आता कशी छान दिसतेस, असं तिचं म्हणणं.

नरहरी दारात आला. "लोक पाहून राहिले. तमाशा नको. चल."

वनमालाच्या तोंडाला कोरड पडली. कपाळावरचं शेण तेवढं ओलं, गारगार.

"मी नाही येत."

"काय म्हणाली?"

"मी येत नाही. आज नाही अन् उद्याही नाही."

तो रुसला. पण गल्लीत सणाची एवढी गर्दी, की रुसव्याला पाय ठेवायला जागा मिळेना. गाईनेही शेपूट हलवून त्याला बाजूला सारलं. मग तो आपल्या जुन्या गिअरच्या स्कूटरवर बसला आणि किक मारू लागला. स्कूटर नुसती खोकली. पुन्हा किक, पुन्हा खोकला. बायका पदराआड हसू लागल्या.

"जावईबापू," शेवंताकाकू गोड आवाजात म्हणाल्या, "धक्का देऊ काय?"

वनमालाने ताट काकूंच्या हातात दिलं. पुढे झाली आणि मागच्या सीटला दोन्ही हात टेकवले. या सीटवर ती इतकी वर्षं अंग चोरून बसत आली होती. तिने जोर लावला. स्कूटर वाटली होती तेवढी जड नव्हती.

वळणापाशी ती सुरू झाली, आणि वनमालाने हात सोडले.