हातानंच आवळायचं

"पण पंप टाकीच्या खालीच पाहिजे ना गं?" हर्षाली फोनवर विचारत होती. ओसरीवर दाढी करत बसलेल्या सिद्धारामचा हात जागच्या जागी थांबला.

पंप, टाकी, पाईप. हे त्याचे शब्द होते. जळकोटात आणि आसपासच्या वस्त्यांवर बोअरमधली मोटर बंद पडली की लोक आधी सिद्धारामला फोन करत आणि मग देवाला हात जोडत. आणि त्याच्याच घरात त्याची पोरगी पंपाचं दुसऱ्या कुणाला तरी विचारत होती. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून तो आत डोकावला.

हर्षाली फरशीवर पालथी पडली होती. तिने खडूने एक मोठा चौकोन काढला होता, त्यात लहान चौकोन होते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण होते. पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये शबनम दिसत होती. शबनम म्हणजे नळदुर्गला बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी पोरगी, कॉलेजात हर्षालीच्या एक वर्ष पुढे असलेली.

"पंप कशाला लागायलाय?" सिद्धारामने विचारलं.

"कॉम्प्युटरला, अण्णा. लई तापायलाय."

"कॉम्प्युटरला पाणी? शॉक बसंल की."

"पाणी बंद पाईपातनं फिरतं. आत चिपवर तांब्याचा ब्लॉक बसवायचा. तिथं पाणी गरम झालं की रेडिएटरला जातं, पंख्यानं गार होतं आणि परत येतं."

"म्हंजे ट्रॅक्टरवानी."

"व्हय, ट्रॅक्टरवानीच," असं म्हणून ती पुन्हा फोनकडे वळली.

आता ती पुढचं विचारेल असं त्याला वाटलं होतं. पाईप केवढ्याचा घेऊ, कुठून वळवू, जोड किती देऊ. तो दारात उभा राहिला. गालावरचा फेस वाळून चरचरायला लागला तेव्हा तो दाढी पुरी करायला गेला.

हर्षाली दिवसा सोलापूरच्या एका स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ जोडायची आणि संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळायची. कुठकुठल्या गावच्या पोरींची तिची टीम होती. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात ते मशीन इतकं तापायचं, की ऐन लढाईत पडदा काळा व्हायचा आणि हर्षालीला रडू यायचं. दोन आठवड्यांनी रविवारी टीमची मोठी स्पर्धा होती, म्हणून तिने पाण्याचा घाट घातला होता. हे सगळं सिद्धारामला बायकोकडून, उमादेवीकडून कळलं. त्याचंही त्याला वाईट वाटलं.

खडूचा नकाशा आठवडाभर फरशीवर होता. उमादेवी त्याच्या कडेकडेने झाडायची. हर्षाली रोज काहीतरी पुसायची, नवं काढायची. सुतळी घेऊन कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत धरायची आणि पाईप किती लागेल ते बघायची. सिद्धाराम तिथून विनाकारण जायचा. एकदा तो खाकरलासुद्धा. "पाणी पाहिजे का, अण्णा?" तिने वर न बघता विचारलं.

सामान आलं त्या दिवशी शबनम स्कूटीवरून घरी आली. दोघी पेटीजवळ मांडी घालून बसल्या आणि जोडत गेल्या. मध्येच एकमेकींकडे बघून हसत होत्या. आपल्यावरच हसतायत असं सिद्धारामला उगाचच वाटत होतं. त्याला शबनमचा हेवा वाटत होता. पण एवढ्याशा पोरीचा हेवा वाटतो हे कबूल कसं करायचं, म्हणून त्याने तिच्या चुका काढायला घेतल्या. हिने स्कूटी दारातच लावली. हिने चहा अर्धा ठेवला. हिला पाईप सरळ न्यायचा माहीत नाही.

शेवटी न राहवून तो म्हणाला, "रेडिएटर एवढा वर घेतलाव. पंप बारका हाय. पाणी एवढं वर चढवायला हेड मिळंल का त्याला?"

"चाचा, बंद चक्कर आहे ना," शबनम नम्रपणे म्हणाली. "जेवढं पाणी वर चढतं तेवढंच पलीकडनं उतरतं. भरून झालं की उंचीचा ताण राहत नाही."

सिद्धारामने क्षणभर विचार केला. पोरगी बरोबर बोलत होती. ती चुकीचं बोलली असती तर त्याला फार बरं वाटलं असतं.

"जेवून जा गं," उमादेवी आतून म्हणाली.

"तिला दुकान असंल," सिद्धाराम म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी हर्षाली डिस्टिल्ड वॉटर आणायला नळदुर्गला गेली. उमादेवी शेजारी पापड लाटायला गेली होती. जोडणी पुरी झालेली पेटी टेबलावर उभी होती. तिच्या एका बाजूला काच, आत स्वच्छ पाईप, आणि कोपऱ्यात काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची उभी टाकी. सिद्धारामने बघता बघता एका जोडाला बोट लावलं. तो फिरला.

हातानं आवळलं होतं. त्याच्या अंगावर काटाच आला. पाण्याचं काम आणि जोड हातानं आवळलेला, तोही विजेच्या मशीनमध्ये. बघा हिची दुकानदारी, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचबरोबर इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आनंद झाला. त्याने हत्यारांची पिशवी आणली. एकेक जोड काढून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले आणि पान्याने आवळला. बोअरच्या पाईपाला देतो तसा शेवटचा अर्धा पीळही दिला. काम करता करता तो गुणगुणत होता. पोरीला काही सांगायचंही नाही, पाण्याचा थेंब गळणार नाही तेव्हा कळेलच, असं त्याने ठरवलं.

शेवटचा जोड टाकीचा होता. तो आवळताना टक् असा बारीक आवाज झाला. आट्यांपासून खाली केसाएवढी रेघ गेली होती. त्याने बनियनने ती पुसून बघितली. रेघ तशीच राहिली. त्याने पाना पिशवीत टाकला आणि पिशवी खिळ्याला अडकवून ठेवली.

संध्याकाळी हर्षालीने टाकीत पाणी ओतलं आणि फक्त पंपाला वीज दिली. पाणी पाईपातून पळालं, रेडिएटरमध्ये गेलं, परत आलं. उमादेवी कौतुकाने बघत होती. तेवढ्यात टाकीखाली ओल आली, मग धार लागली. हर्षालीने झटकन पंप बंद केला आणि शबनमला फोन लावला.

"टाकी फुटकीच आली की गं. तू बघून घेतली नव्हतीस का?" तिचा आवाज चढला होता. पलीकडून शबनम गोंधळून काहीतरी सांगत होती. "मग असं कसं झालं? तुझ्या भरवशावर केलं ना मी सगळं."

दारात उभ्या सिद्धारामला ते बोलणं गोड लागलं. दोघींचं फाटलेलं त्याला ऐकू येत होतं आणि ते आणखी थोडं चालावं असं वाटत होतं.

हर्षालीने टाकीचा जोड फिरवून बघितला. तो हाताने हलेना. तिने कापड धरून जोर लावला, तेव्हा कुठे तो निघाला, आणि आट्यांतून टेपची पांढरी चिंधी लोंबायला लागली. तिने ती दोन बोटांत धरून ओढून बघितली.

"शबनम, तुला मागनं फोन करते. तुझी चूक नाही," ती म्हणाली. मग तिने वडलांकडे बघितलं. "अण्णा, हे तुमी आवळलं?"

"ढिलं व्हतं."

"हातानंच आवळायचं असतं. आत रबराची रिंग असते. टेप लावायची नसते."

"पाण्याच्या कामात आसं कुठं आसतंय?"

"मला एकदा विचारायचं तरी."

"तू मला इचारलंस का?" सिद्धारामचा आवाज फाटला. "पंप, पाईप, टाकी... म्या जल्मभर दुसरं काय केलंय? गाव इचारतंय मला. तू त्या पोरीला इचारलंस."

उमादेवीने पदर तोंडाला लावला. हर्षाली फडक्याने टेबल पुसत राहिली.

"तुमाला विचारलं असतं तर तुमी करून दिलं असतं," ती हळूच म्हणाली. "सायकलीची चेन तुमीच बसवली, खोलीचं वायरिंगबी तुमीच केलं. मी हात लावायच्या आत झालेलं असतं, अण्णा. हे मला माझ्या हातानं करायचं होतं."

सिद्धारामला राग शोधून सापडेना.

नवी टाकी यायला वेळ लागला. स्पर्धेत हर्षालीच्या जागी दुसरी पोरगी खेळली. हर्षालीने ते सामने फोनवर बघितले आणि टीम हरली तेव्हा फोन उलटा करून ठेवला. सिद्धाराम त्या दिवशी लांबच्या वस्तीवरचं काम काढून गेला.

मग टाकी आली. शबनमही आली. दोघींनी पुन्हा सगळं जोडलं. सिद्धाराम ओसरीवर बसून होता. आत गेला नाही, खाकरलाही नाही. जाताना शबनम त्याला म्हणाली, "येते, चाचा." "स्कूटी सावलीत लावायची व्हतीस की. सीट तापलं आसंल," तो म्हणाला.

सकाळी पंप सुरू झाला. तो दिवसभर एकटाच चालवून बघायचा असतो, प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवून. कुठे ओल आली नाही तरच बाकीच्या मशीनला वीज द्यायची. आणि नेमकं स्टुडिओवाल्याने हर्षालीला एका लग्नाच्या कामासाठी सोलापूरला बोलावलं. ती पिशवी खांद्याला लावून दारात घुटमळली.

"अण्णा, आज बसाल का इथं?"

"कुठं?"

"मशीनपाशी. एखादा रुमाल भिजला की हे बटण बंद करायचं. बास." ती थांबली. "हात लावायचा नाही मात्र कशाला."

"बरं," सिद्धाराम म्हणाला.

ती गेल्यावर तो स्टूल घेऊन काचेसमोर बसला. पंपाचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. पाणी फिरत होतं, टाकीतले बुडबुडे एकेक करून वर येऊन फुटत होते. काम चांगलं झालं होतं. पाईप छान वळवला होता, त्यानेही असाच वळवला असता. किंवा कदाचित नसता वळवला. शबनमचा हेवा अजून होता, पण आता तोही निमूट बसला होता.

उमादेवी जेवायला बोलवायला आली, तर त्याने ताट तिथेच मागवलं. दुपारी वस्तीवरच्या बिराप्पाचा फोन आला. त्याच्या उसाची मोटर बंद पडली होती.

"आज न्हाय जमायचं, बिराप्पा. पोरीनं काम सांगितलंय."

"कसलं काम?"

"बसायचं."

"आँ?"

"उद्या सकाळच्याला येतो," सिद्धाराम म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने पुन्हा काचेकडे बघितलं. सगळे रुमाल कोरडे होते. फक्त रेडिएटरजवळचा एक जोड त्याला किंचित वाकडा बसल्यासारखा वाटला. वाकडा नसेलही. एक बोट लावलं असतं तर लगेच कळलं असतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि रुमालाकडे बघत बसला.