सोड

डॉक्टरांनी पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला आणि तर्जनी वर धरली. वेळ अचूक होती. प्लेअरवर ट्रंपेट एक सुरावट चढवत नेत होता, दर पायरीला दम खात जिना चढणाऱ्या माणसासारखा. शेवटच्या पायरीवर पाय ठेवणार तोच सूर तुटला. बारीकशी ठक् ऐकू आली आणि खालून पियानो सुरू झाला.

"सोड," डॉक्टर पुटपुटले. बोट खाली आले.

"सोड," खुर्चीत बसलेल्या टेलिफोनताई म्हणाल्या.

प्लेअरजवळ उभे असलेले रेकॉर्डकीपर नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. बाजू संपल्यावर त्यांनी सुईची दांडी उचलली, तबकडी दोन तळव्यांच्या मधे धरून पुसली आणि कागदी पाकिटात सरकवली. हे काम एकतीस वर्षे त्यांचेच होते. दुसऱ्या कुणाच्या हातात ही तबकडी ते जाऊ देत नसत.

एका मोठ्या कचेरीच्या तळघरात त्यांनी चौतीस वर्षे जुनी दफ्तरे सांभाळली होती. तिथले लोक गमतीने म्हणत, याची नोकरीही रेकॉर्डांची आणि नादही रेकॉर्डांचाच. घरी बायको आहे, तिची तेवढी कुठे नोंद सापडत नाही. डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर, आणि वरच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला जॅझ ऐकणाऱ्यांची बैठक. एके काळी सहा जण यायचे, आता तिघेच उरले होते. आठवडाभरात काय ऐकले, काय नवे हाती लागले ते प्रत्येकाने सांगायचे आणि एक चीज ऐकवायची, एवढाच रिवाज. टेलिफोनताई फक्त गाणाऱ्या बायकांच्या कॅसेटी आणत. जन्मभर एक्स्चेंजमध्ये लोकांची भांडणं ऐकली, आता कुणी सुरात भांडत असेल तर ऐकते, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांकडे चारशेच्या वर तबकड्या होत्या. रेकॉर्डकीपरांकडे सगळ्या मिळून एकोणीस. पण कुठली तबकडी कुठल्या सालची, तिच्यावर बास कुणी वाजवला, नंबर काय, असला प्रश्न निघाला की डॉक्टर त्यांच्याकडे वळत. रेकॉर्डकीपर आधी "चुकत असेन कदाचित" म्हणत आणि मग बरोबर सांगत.

बैठकीची वही डॉक्टर स्वतः लिहीत. सुरुवातीला चुकले की ते खाडाखोड करीत. रेकॉर्डकीपरांना ते बघवेना. एकदा धीर करून त्यांनी आपल्या कचेरीतली रीत सांगितली: चुकलेली नोंद खोडायची नाही, तिच्यावरून लाल शाईची एकच रेघ ओढायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. वर दुरुस्ती, शेजारी लहान सही आणि तारीख. त्याखाली दुसऱ्या माणसाने स्वतः खात्री करून "तपासले" म्हणून सही करायची. ती सही पडेपर्यंत दुरुस्ती अर्धीच.

"म्हणजे तुमच्याकडं चुकासुद्धा जपून ठेवतात," डॉक्टर हसून म्हणाले होते. पण रीत त्यांनी उचलली.

ही तबकडी एका खलाशाने आणून दिली होती. त्याची अक्कलदाढ डॉक्टरांनी न दुखवता काढली म्हणून परतीच्या खेपेला त्याने ही भेट आणली. जुनी, जड, बशीसारखी ठिसूळ. तेव्हा डॉक्टरांचा प्लेअर नेमका दुरुस्तीला गेला होता. आठ दिवस नुसती बघत बसण्यापेक्षा तुम्ही न्या, म्हणाले. मात्र कशी आहे ते मला आधी सांगायचं नाही.

रेकॉर्डकीपरांनी ती घरी नेली आणि एकदा पूर्ण ऐकली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा आतून बायकोने हाक मारली, जेवण गार होतंय. ते घाईने उठले, बाही दांडीत अडकली, आणि सुई तबकडीवरून फर्रकन सरकत गेली. उजेडात तिरपी धरली तरच दिसेल एवढा केसासारखा ओरखडा. पण त्या जागी आल्यावर सुई उडी मारू लागली. ट्रंपेटची सात-आठ सेकंदे गाळून थेट पियानोवर पडायची; आणि दुर्दैव असे की अगदी तालात पडायची.

"सांगून टाका की," बायको म्हणाली. "फार तर एक दात काढतील."

रविवारी सांगतो, म्हणाले. रविवारी ते बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरांनी तबकडी लावून टाकली होती. त्या जागेवर डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. डोळ्यांत पाणी होते. "बघितलंत?" ते म्हणाले. "शेवटचा सूर घेतलाच नाही. हातात आलेला सूर सोडून दिला त्यानं. याला छाती लागते." एवढे झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? पुढच्या रविवारी सांगू, असे त्यांनी ठरवले. बायको काही दिवस विचारत राहिली, तुमचा तो रविवार आला का हो? मग तिनेही विचारणे सोडले.

दरम्यान त्या जागेला नाव पडले. सोड. मग इतर तबकड्यांतही सोड शोधली जाऊ लागली. कुणी भाषण लांबवले की सोड जमली नाही म्हणत. टेलिफोनताई निवृत्त झाल्या तेव्हा हारतुऱ्याच्या कार्यक्रमाला न जाता कानावरचा हेडफोन खुंटीला अडकवून सरळ घरी आल्या. डॉक्टरांनी ती वहीत सोड म्हणून नोंदवली. आणि सहा वर्षांपूर्वी रेकॉर्डकीपरांची बायको सकाळी चहा ओतता ओतता, अर्धे वाक्य बोलून झाल्यावर गेली, त्या दिवशी डॉक्टर त्यांच्याकडे येऊन तासभर नुसते बसले होते. उठताना त्यांचा हात धरून म्हणाले, "सोड सुंदर होती हो." त्या सगळ्या दिवसांत खरा धीर आला तो त्या एका शब्दाने. तो शब्द आपल्या बाहीतून निघालेला आहे, हे तेव्हाही त्यांना विसरता आले नव्हते.

आता डॉक्टर तीन महिने अंथरुणाला खिळून होते. दृष्टी जवळजवळ गेली होती. मुलगी देखभालीला येऊन राहिली होती.

पाकीट कपाटात ठेवून रेकॉर्डकीपर वळले तेव्हा ती हातात मोबाईल घेऊन दारात उभी होती.

"बाबा, एक गंमत. तुमची ही तबकडी मला इथं सापडली. स्वच्छ आवाज आहे, खरखर नाही. लावू?"

रेकॉर्डकीपरांनी कपाटाची कड धरली. नको म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हते.

तीच सुरुवात झाली. तोच ट्रंपेट, तोच जिना. डॉक्टरांचे बोट वर गेले. ट्रंपेट शेवटच्या पायरीवर आला, आणि पाय ठेवून पुढे चालू लागला. सूर घेतला, तो फिरवला, दोन छोट्या हरकती घेतल्या, मग सावकाश खाली येऊन पियानोला जागा दिली. चांगले वाजवले होते. कुणीही चांगला वादक वाजवील तसे. डॉक्टरांचे बोट हवेतच राहिले होते.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावले. टेलिफोनताईंनी एकदा डॉक्टरांकडे, एकदा कपाटाकडे पाहिले. दुसऱ्यांदा संपले तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होते. इतक्या महिन्यांत ते असे हसले नव्हते.

"हा दुसरा टेक आहे," ते म्हणाले.

मुलीला कळेना. मग त्यांनीच धापा टाकत समजावले. त्या काळी एकच चीज दोन-तीनदा वाजवून घेत, त्यातली एक निवडून छापत. कधी चुकून दुसरीही छापली जाई, पाच-पन्नास तबकड्या निघत, मग बंद. जगाला ठाऊक आहे तो हा मोबाईलवरचा. सोड असलेला टेक आपल्याकडे आहे. कदाचित फक्त आपल्याकडे. संग्राहकांच्या मंडळाला पत्र गेले पाहिजे. आजच.

"रेकॉर्डकीपर, पत्र तुमच्या अक्षरात. मजकूर मी सांगतो. आधी नंबर बघा." त्यांनी मुलीला विचारले, तिथे नंबर दिला असेल, त्याचा शेवटचा आकडा काय? लेबलाजवळ खरवडलेल्या नंबरात टेकचा आकडा शेवटी असतो, हे खोलीतल्या बाकी दोघांना सांगायला नको होते.

"शेवटी एक आहे, बाबा."

"आपल्यावर दोन असणार. किंवा तीन. वाचा."

रेकॉर्डकीपरांनी तबकडी पुन्हा बाहेर काढली आणि खिडकीशी नेली. खिशातले भिंग काढले. भिंगाची गरज नव्हती. तो नंबर त्यांना एकतीस वर्षे पाठ होता. दोन म्हटले असते तर कुणी उठून बघणार नव्हते. डॉक्टरांना दिसत नव्हते, मुलीला कुठे बघायचे ते ठाऊक नव्हते, आणि ताई बोलल्या नसत्या. पत्र गेले असते, उत्तर यायला महिना लागला असता, आणि डॉक्टरांकडे महिना होता की नाही कुणास ठाऊक. असे सगळे त्यांच्या मनात येऊन गेले. पण चौतीस वर्षांत त्यांनी समोरचा आकडा कधी वेगळा वाचला नव्हता. जिभेला ते वळण नव्हते.

"एक," ते म्हणाले.

"चष्मा पुसा. नीट बघा."

"एकच आहे, डॉक्टर." त्यांनी तबकडी खाली ठेवली. "ती माझ्या हातून झालेली आहे."

"काय?"

"सोड."

मग त्यांनी सांगितले. खलाशी, दुरुस्तीला गेलेला प्लेअर, गार होणारे जेवण, बाही. एवढी वर्षे मनात घोळवलेले सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत. डॉक्टर छताकडे डोळे लावून ऐकत होते.

"बाही अडकायच्या आधी तुम्ही ऐकली होती? पूर्ण?"

"एकदा."

"मग एवढे रविवार इथं बसून तुम्ही काय ऐकत होतात?"

रेकॉर्डकीपरांना विचार करावा लागला. खोटे बोलायचे नव्हते म्हणून नव्हे. हे त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते.

"दोन्ही," ते म्हणाले. "ती फट यायची, आणि मला त्यात गाळलेलंही ऐकू यायचं."

डॉक्टरांनी हात पांघरुणात ओढून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मी एकटाच होतो." आणि थोड्या वेळाने, "आज दमलोय मी."

जिना उतरताना टेलिफोनताईंनी रेकॉर्डकीपरांच्या कोपराला हात दिला. खाली आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, दोन म्हणाला असतात तर?"

"आकडा एक होता, ताई."

"ते ठाऊक आहे हो." त्या थांबल्या. "लाईन तुटली की आम्ही पुन्हा जोडून द्यायचो. शिव्या खायचो आणि जोडायचो. फोन करा त्यांना."

त्यांनी फोन केला. मुलीने उचलला, बाबा झोपलेत म्हणाली. दोन दिवसांनी केला, तेव्हाही झोपलेत. खरेच झोपले असतील की काय, हे विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढच्या रविवारी दहाला ते कपडे करून आपल्या घरात बसून राहिले. बोलावणे आले नाही. त्यानंतरच्या बुधवारी डॉक्टर गेले.

महिन्याभराने, एका रविवारीच, मुलीने दोघांना बोलावले. पलंग काढून टाकल्याने पुढची खोली मोठी वाटत होती. प्लेअर होता तिथेच होता. तिने वही आणून रेकॉर्डकीपरांच्या हातात दिली.

"ही तुमची, म्हणाले होते. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं. मला वाटलं, औषधांच्या यादीवर खूण करायची असेल. मग हे पान शोधायला लावलं, बोट ओळीवर ठेवायला लावलं. मी म्हटलं, काकांना फोन करू का? तर म्हणाले, रविवारी सांगतो." ती खिडकीकडे बघत राहिली. "मग तो आठवडा बहुतेक ग्लानीतच गेला."

पान एकतीस वर्षांपूर्वीचे होते. डॉक्टरांचे तेव्हाचे ठाम अक्षर. *ट्रंपेटवाला शेवटचा सूर न घेताच सोडतो. असे सोडणे पूर्वी ऐकले नाही. रेकॉर्डकीपर काही बोलले नाहीत. त्यांना फार भिडले असावे.*

पहिल्या ओळीवरून एकच लाल रेघ गेली होती, वाकडीतिकडी, पण खालचे अक्षर स्वच्छ वाचता येत होते. वर, एकावर एक चढलेल्या मोठ्या अक्षरांत दुरुस्ती: *ट्रंपेटवाला सोडत नाही. सोड: रेकॉर्डकीपर.* शेजारी लहान सही, तारीख. शेवटच्या दोन वाक्यांना रेघेने कुठे स्पर्श केला नव्हता.

त्याखाली *तपासले* असे लिहून पुढची जागा मोकळी ठेवली होती.

टेलिफोनताईंनी वाकून वाचले आणि पर्समधून आपले पेन काढून पुढे केले. रेकॉर्डकीपरांनी मान हलवली.

"खात्री केल्याशिवाय सही करता येत नाही," ते म्हणाले.

त्यांनी कपाटातून तबकडी काढली, पुसली, लावली. ताई आपल्या खुर्चीत बसल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. ट्रंपेट जिना चढू लागला. बोट कुणी वर केले नाही. इतकी वर्षे त्या जागी त्यांना गाळलेले सूर आपोआप ऐकू यायचे. आज ते कान देऊन त्यांची वाट पाहत होते. ठक् झाली, आणि सरळ पियानो आला. मधे काही नव्हते.

बाजू संपेपर्यंत ते उभे राहिले. मग दांडी उचलून जागेवर ठेवली, ताईंचे पेन घेतले, *तपासले* पुढे लहान सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून ठेवली.