डाव्या गालावरचा भोवरा

विश्रामच्या ज्या पोस्टकार्डाला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं, ते अजून डोळ्यांसमोर येतं. साल बहुधा १९५२. अशा बाबतीत मी माझ्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. कार्डावर खडवलीचा शिक्का होता. अक्षर दुसऱ्या कुणाचं, पण बोलणं त्याचंच. "भाऊंची दाढी कशी होते? डाव्या गालावर भोवरा आहे, तिथं जपून. कळवावे." मी कार्ड एका पुस्तकात ठेवून दिलं. काय कळवणार? दाढी होतच नव्हती.

विश्राम आमच्या खोपट भागातल्या घरी तीस वर्षं येत होता. बुधवारी आणि रविवारी सकाळी तो पडवीत वस्तऱ्या-कात्रीची धोपटी सोडायचा आणि माझ्या वडिलांची, भाऊंची, दाढी करायचा. त्या वर्षी भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, तोंड जरा वाकडं झालं. विश्राम मग खाटेपाशी येऊ लागला. पण त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिवाळीनंतर एक दिवस तो म्हणाला, "आता वस्तरा दिसत नाय मला, नुसता चकाकतो. मी जातो रतनकडं." रतन त्याची मुलगी, खडवलीला दिलेली.

वाकडं तोंड परक्या न्हाव्याच्या हातात द्यायला भाऊ तयार नव्हते. माझं दाढीचं पात्याचं यंत्र त्यांनी उजव्या हाताने बाजूला सारलं. तेव्हा विश्राम माझ्याकडे वळला. मी ग्रंथालयातला कारकून, पेन्सिलीला टोक काढतानाही बोट कापून घेणारा.

आपल्या वस्तऱ्याला तो कुणाला हात लावू देत नसे. त्या सकाळी त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. किती हलका होता. धार सरळ डोळ्यांसमोर धरली तर तिथे काहीच दिसेना. पातं कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, कळत नव्हतं. मी घाईने वही उघडली.

"लिहिताय काय, त्र्यंबकराव? हाताकडं बगा."

"विसरेन म्हणून."

माझी बायको मंदाकिनी आतून म्हणाली, "लिहू द्या हो त्यांना. परीक्षा भाऊंची आहे."

विश्राम सांगत गेला, मी लिहीत गेलो. गरम पाण्याचा पंचा गालावर ठेवून केस मऊ करायचे. डाव्या हाताने कातडी ताणायची. केसांच्या वळणाने जायचं. वस्तरा गालावर जवळजवळ आडवा, मधे काडीएवढी फट. जोर द्यायचा नाही. धार लावताना दगडावर असं, चामड्याच्या पट्ट्यावर तसं. मग तो स्वतःच पाटावर बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "आता माझी करा."

केली. हनुवटीखाली रक्ताचा एक थेंब आला. त्याने तुरटी फिरवली. "एकच? मी शिकलेलो तवा बापाचा कान सोललेला."

वस्तरा, दगड आणि पट्टा माझ्याकडे ठेवून तो खडवलीला गेला, त्या रविवारी मी वही समोर ठेवून वस्तरा पट्ट्यावर घासला आणि भाऊंच्या गालाला लावला. केस कापले न जाता ओढले गेले. भाऊंच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. अर्धा गाल सोडून मी वस्तरा मिटला. त्यानंतर भाऊंनी पडवीत बसणं सोडलं. जुने स्नेही आले की म्हणत, "झोपलोय म्हणून सांग." दाढी वाढत गेली. तशातच ते कार्ड आलं. खोटं लिहवेना, खरं लिहायची लाज वाटे. पंधरा दिवस गेले.

एका बुधवारी मी पुन्हा पट्टा खिळ्याला अडकवला. दाढी करायचा धीर होईल की नाही, मलाच ठाऊक नव्हतं. दोन-चार हात मारले असतील.

"उलटं," भाऊ खाटेवरून सावकाश म्हणाले.

"काय?"

"विश्राम वस्तऱ्याची पाठ पुढे ठेवून ओढायचा. तू धार पुढे ढकलतोयस. पट्टा बघ."

पट्ट्यावर बारीक चिरा पडल्या होत्या. वही पाहिली. धार पुढे ठेवायची ती दगडावर. खाली मान घालून लिहिण्याच्या नादात मी ते 'पट्टा' या शब्दापुढे लिहून ठेवलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं समोर बसलोय त्याच्या."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू वहीत बघत होतास."

मी वही मिटली. वस्तरा दगडावर लावला, मग पट्ट्याच्या मागच्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून. तिसऱ्या-चौथ्या हाताला तो आवाज आला. लहानपणापासून ज्याने दर बुधवारी जाग येई तो आवाज, माझ्या हातातून. मी थांबून पुन्हा काढून पाहिला.

आधी कात्रीने केस उतरवले, पंचा ठेवला, साबण फासला. मग कातडी ताणायला भाऊंच्या गालावर बोटं टेकली आणि तशीच राहिली. त्यांच्या पायांना मी हजार वेळा हात लावला असेल. चेहऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा लावत होतो. तो ऊबदार होता, आणि इतका मऊ असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"डावीकडे कापलं तर मला कळायचं नाही," भाऊ म्हणाले. "तूच बघ."

"आणि गळ्यापाशी चुकलो तर, भाऊ?"

"गळा माझा आहे. तू कशाला घाबरतोस?"

मला हसू आलं. ते ओसरेपर्यंत वस्तरा दूर धरला, आणि मग लावला. फेस सरकत गेला, मागे स्वच्छ गाल उघडा पडला. केस कापले जात असल्याची बारीक कुरकुर तेवढी ऐकू येत होती. डाव्या गालावर भोवरा खरोखरच होता. केस गोल फिरले होते, नदीत पाणी फिरतं तसे. इतकी वर्षं या चेहऱ्यासमोर वावरलो आणि मला तो माहीत नव्हता. चार दिशांनी, जवळजवळ श्वास रोखून, मी त्याच्याभोवती गेलो.

मंदाकिनीने आरसा धरला. भाऊंनी उजव्या हाताने उजवा गाल चाचपला, मग डावा, मग पुन्हा डावा.

"पडवीत खुर्ची टाक," ते म्हणाले.

त्यांना बाहेर बसवून मी कार्ड लिहायला घेतलं. "श्री. विश्राम यांस सप्रेम नमस्कार. उत्तरास उशीर झाला, कारण पट्ट्यावर वस्तरा उलटा चालवत होतो. आज दाढी झाली. भोवऱ्यावर कापलं नाही. कानापाशी एकदा, थोडं. भाऊ पडवीत बसले आहेत." दुपारी जाऊन ते टपालपेटीत टाकलं.